मेडो रू उगवलंच नाही... उकरून टाकू का?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगते. जांभळ्या धुक्यासारख्या फुलांचा एक फोटो पाहून त्यांनी मेडो रूची (म्हणजे थॅलिक्ट्रमची) रोपं ऑनलाइन मागवली, व्हरायटी ह्युइट्स डबल. उंच वाढतं म्हणून कंपाउंडच्या भिंतीलगत अगदी मागच्या रांगेत लावली, तिथे अर्धा दिवस सावली असते. पहिल्या सीझनला एकेक काडी वर आली, मोजकी फुलं लागली, मग ऊन तापलं तशा पानांच्या कडा करपल्या, आणि जरा वारा आला तर काड्या पुढे आडव्या झाल्या. थंडीत सगळं वाळून गेलं. आता बाकी बागेला पालवी फुटलीये आणि तिथे नुसती माती. मिस्टर म्हणतात मेलं ते, उकरून टाक, गुलाब लाव. वहिनी म्हणतात ऊन कमी पडलं, उन्हात हलव आणि दणकून खत घाल. ताई विचारतायत की यातलं कुणाचं ऐकू, की दुसरी एखादी चांगली व्हरायटी आणू? आणि जाता जाता एक प्रश्न, ह्युइट्स डबलचं बी म्हणून जे पाकीट आणलं होतं ते उगवलंच नाही, ते का?

ताई, आधी ते खुरपं खाली ठेवा, आणि मिस्टरांच्या हातात असेल तर त्यांच्याकडूनही काढून घ्या. मेडो रू थंडीत जमिनीच्या वर काहीसुद्धा ठेवत नाही, सगळं गड्ड्यात आणि मुळात जाऊन बसतं, आणि त्यातही तुमची व्हरायटी ज्या जातीतली आहे ती डेलाव्हेयी उठायला भारी आळशी. बाकीच्यांची पालवी जुनी व्हायला लागते तरी हिचा पत्ता नसतो. अशी कितीतरी रोपं जिवंतपणीच उकरली जातात, कारण बागेत मोकळी माती दिसली की आपला हात शिवशिवतो.

खात्री करायचीच असेल तर बोटाने करा, अवजाराने नको. जिथे लावलं होतं तिथली वरची माती हलक्या हाताने बाजूला सारा, दोनेक सेंटिमीटर पुरे. जुन्या काड्यांचे वाळलेले खुंट सापडतील आणि त्यांच्या बुडाशी गड्डा. तो दाबून बघा. टणक असेल, कडेला जांभळट टोकदार डोळे दिसत असतील तर मॅडम झोपल्यात, माती परत ओढून घ्या. मऊ पडला असेल, दाबल्यावर पाणी सुटत असेल, वास येत असेल तर मात्र कुजला, तो काढा. आणि जे जिवंत आहेत त्यांच्या शेजारी एकेक काडी रोवून ठेवा, पुढच्या वर्षीही हीच वेळ येणार आहे.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत, फुलं कमी, पानं करपली, काड्या पडल्या, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून त्याचा एकच अर्थ लावलाय की ऊन कमी पडलं. मला तसं वाटत नाही. ऊन कमी पडलं असतं तर पानं करपली कशी असती? सावलीत पान फिकं पडतं, विरळ येतं, लांबुळकं होतं, पण कडेने तपकिरी होऊन कुरकुरीत होत नाही. कुरकुरीत कड म्हणजे साधारणपणे मुळांना पाणी पुरलं नाही, किंवा दुपारचं ऊन आणि गरम वारा एवढा की पाणी असूनही पानापर्यंत वेळेत पोचलं नाही.

माझा संशय भिंतीवर आहे. भिंतीच्या अगदी बुडाशी जमीन कायम कोरडी असते, वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस भिंतीला लागतो आणि त्या वीतभर पट्ट्यात पडतच नाही, शिवाय पाया भरताना टाकलेला मुरूम आणि बांधकामाचा चुरा तिथेच खाली असतो, त्यात पाणी थांबत नाही. दुपारी भिंत तापली की संध्याकाळपर्यंत उष्णता बाहेर टाकत राहते. म्हणजे वरून बघायला अर्धसावली, आणि मुळाशी भट्टी. आणि काड्या पुढेच का पडल्या, मागे किंवा बाजूला का नाही? कारण मागे भिंत, उजेड फक्त पुढून, झाड उजेडाकडे झुकत वाढणार आणि आधीच झुकलेल्या बारीक काडीला लोळवायला वारा किती लागतो! तीन तक्रारींचं मूळ मला तरी एकच दिसतंय.

हे झाड आलंय कुठून ते बघा म्हणजे त्याचा स्वभाव कळेल. डेलाव्हेयी हे मूळचं पश्चिम चीनच्या डोंगराळ भागातलं, युन्नान वगैरे, आणि नाव पडलंय झाँ मारी दलाव्हे (१८३४–१८९५) या फ्रेंच मिशनऱ्यावरून, ज्यांनी त्या डोंगरांमधून हजारो वनस्पती गोळा करून पॅरिसला पाठवल्या. तिथे उन्हाळा म्हणजे पावसाचे दिवस, हवा गार, ढगाळ, आणि जमीन पानांच्या कुजलेल्या थराने भुसभुशीत. म्हणजे ज्या दिवसांत हे फुलतं नेमक्या त्याच दिवसांत तिथे पाय ओले असतात. आपण त्याला वाढीच्या ऐन भरात कोरडं पाडलं तर ते फुलांवर नाही, जीव वाचवण्यावर जोर लावणार. थॅलिक्ट्रमच्या बऱ्याच जातींचं थोड्याफार फरकाने हेच आहे, काही तर चक्क ओढ्याकाठी आणि पाणथळ कुरणात वाढतात.

म्हणून वहिनींचा सल्ला मी निम्मा घेईन. हलवा, पण उन्हात नको, भिंतीपासून पुढे. साठ-सत्तर सेंटिमीटर पुढे घेतलं तरी पावसाचं पाणी मिळायला लागेल आणि उजेड चारही बाजूंनी मिळेल. सकाळचं ऊन मिळून दुपारी सावली असेल अशी जागा उत्तम. ज्यांच्याकडे उन्हाळाच सौम्य असतो आणि जमीन ओल धरते त्यांनी दिवसभर उन्हात लावलं तरी हे मस्त येतं, उलट काड्या जास्त ताठ राहतात, म्हणजे भांडण उन्हाशी नाहीच, कोरड्या उन्हाशी आहे. तुमच्याकडे पानं करपली यावरून तुमचा उन्हाळा सौम्य नसावा असं मी धरून चालते.

हलवायचं कधी? कोंब बोटभर वर आले की. त्याआधी कुठे खणायचं ते कळत नाही आणि काडी उंच झाल्यावर हलवलं तर मलूल पडतं. ढगाळ दिवस बघा नाहीतर संध्याकाळ. सगळीकडून रुंद खणून मातीच्या गोळ्यासकट उचला, मुळं फार खोल नसतात पण बारीक आणि दाट असतात, ती तुटली की वर्ष वाया जातं. नवीन खड्ड्यात पानांचं कुजलेलं खत किंवा घरचं कंपोस्ट भरपूर मिसळा, पूर्वी ज्या पातळीला होतं त्याच पातळीला बसवा, उंच जातींना एकमेकांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर द्या, आणि वर पाचेक सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन, फक्त गड्ड्याच्या डोक्यावर नको, तिथे ओल साठून कुज लागते. माती ओलसर पाहिजे म्हणून पाणी साचवायचं नाही बरं का, थंडीत झोपलेला गड्डा चिखलात राहिला तर तो गेलाच.

पाणी किती हे मला वारानुसार सांगता येणार नाही आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आच्छादन सरकवून बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. तिथे गार, ओलसर लागलं तर राहू द्या. कोरडं लागलं तर झारीने वरवर शिंपडण्यापेक्षा नळी मंद सोडून खोलवर पाणी जिरवा, रोज चमचाभर देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी पोटभर दिलेलं बरं.

वहिनींचं खत मात्र नाही म्हणजे नाहीच, निदान दणकून तरी नाही. नत्र जास्त झालं की काडी भसाभस वाढते, मऊ राहते आणि पहिल्या वाऱ्याला माना टाकते, म्हणजे जी तक्रार आहे तीच वाढवायची. थंडी सरताना एकदा कंपोस्टचा थर दिला की बास.

फुलं कमी आली याचं फार मनाला लावून घेऊ नका. मेडो रू जम बसवायला वेळ घेतं, दोन-तीन वर्षं सहज. पहिल्या वर्षी एक काडी आणि मूठभर फुलं म्हणजे नापास नाही हो. नर्सरीतून छोट्या कुंडीत आलेल्या रोपाने त्या वर्षी मुळं पसरली की त्याचं काम झालं. हलवल्यामुळे यंदाही ते थोडं रुसेल, तेवढं धरून चाला.

काड्यांच्या आधाराचं काय? ह्युइट्स डबल सव्वा ते दीड मीटर जातं, काडी बारीक आणि वर फुलांचा पसारा, पावसाने भिजला की जड होतो. पडल्यावर बांधलं की ते बांधल्यासारखंच दिसतं, एका काठीला सुतळीने करकचून आवळलेली गवताची पेंडी. म्हणून काडी गुडघ्याएवढी व्हायच्या आत आजूबाजूला छाटणीच्या फांदोऱ्या खोचून ठेवा, दोन-चार, वेड्यावाकड्या, झाड त्यातून वर येतं आणि नंतर त्या दिसतही नाहीत. त्याहून सोपं म्हणजे शेजार दाट ठेवणं. होस्टा, नेचे, अस्टिल्बे, जपानी अ‍ॅनिमोन अशी ओलसर अर्धसावलीत खूश राहणारी मंडळी भोवती असली की बुंध्याला आधार आणि मुळाशी सावली, दोन्ही आपोआप. मिस्टरांना गुलाब हवाच असेल तर तोही येऊ द्या की, पुढे थोड्या जास्त उन्हात, फक्त मेडो रूचं पाणी त्याने पळवायला नको.

आणि उंच झाड मागेच लावायचं हा नियम या झाडाने कधीच पाळलेला नाही. खाली कमरेपर्यंत नाजूक पानांचा घोळ, पानं तर थेट हंसराजासारखी, आणि वर नुसत्या काड्या आणि हवेत तरंगणारी फुलं. त्यातून पलीकडचं सगळं दिसतं. भिंतीलगत त्याची मजा निम्मी होते. वाफ्याच्या मध्यावर, अगदी वाटेच्या कडेजवळ लावलं तरी काही झाकत नाही, आणि जवळून बघता येतं हा मोठा फायदा, कारण हे झाड लांबून बघायचं नाहीच. पाऊस पडून गेल्यावर पानाजवळ जाऊन बघा, पाणी पसरत नाही, थेंब गोल मण्यासारखे पानावर उभे राहतात आणि धक्का लागला की घरंगळतात. फुलं तर अजून गमतीची. मेडो रूला खऱ्या पाकळ्याच नसतात. बऱ्याच जातींत कळीवरची इवली निदलं (कळीला झाकणारी बाहेरची आवरणं) उमलताना गळून जातात आणि उरतो तो केसरांचा झुबका, आपण ज्याला फूल म्हणतो ते सगळं म्हणजे पुंकेसर. साध्या डेलाव्हेयीत मात्र जांभळी निदलं टिकतात, खाली क्रीम रंगाचे केसर लोंबतात. तुमच्या डबलमध्ये केसरांच्या जागी पाकळ्यांसारख्या घड्या झाल्यात, एवढुशा रोझेट. दिसायला सुंदर आणि टिकतंही जास्त, पण मधमाशीला त्यात काही नाही. मधमाश्यांसाठी लावायचं असेल तर सिंगल घ्या.

आता ‘चांगली व्हरायटी कोणती’. हा प्रश्न मला दर सीझनला कुणी ना कुणी विचारतं आणि प्रत्येक वेळी माझा उलटा प्रश्न असतो, ऐन उन्हाळ्यात तुमची जमीन ओली राहते का? फोटो नंतर बघा.

राहत नसेल, किंवा पाणी घालायला तुम्ही रोज घरी नसाल, तर अ‍ॅक्विलेजिफोलियम. पहिल्यांदा लावणाऱ्या कुणालाही मी हीच सुचवीन. कमरेएवढी होते, ६० सेंटिमीटर ते मीटरभर, काडी जाडसर, सहसा आधार लागत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लवकर फुलते, ऊन टिपेला जायच्या आत हिचा गुलाबी-जांभळा कापसासारखा बहर आटपलेला असतो. नंतर पानं करपली तरी फुलं मिळालेली असतात, आणि मग पानं बुडापासून छाटून पाणी दिलं तर बऱ्याचदा नवी फुटतात. बिया तशाच राहू दिल्या तर तीन पंखांच्या छोट्या शेंगांसारख्या लोंबत राहतात, त्याही बघण्यासारख्या.

ऊन जास्त असेल तर फ्लेव्हम या जातीची ग्लॉकम ही उपजात बघा, स्पेन-पोर्तुगाल आणि वायव्य आफ्रिकेकडची. पानं निळसर राखाडी, फुलं लिंबासारखी पिवळी, दीड मीटर किंवा जास्तच. बाकी बहिणींपेक्षा ऊन आणि उष्णता बरी सोसते. कोरडं सोसते असं मात्र समजू नका, पाणी लागतंच.

जमीन खरंच गार आणि ओली असेल तर मग लॉटरी लागलीये असं समजा, डेलाव्हेयी, जपान-कोरियाची रोशब्रुनियानम, किंवा एलिन नावाची संकरित, जी दोन-अडीच मीटर सहज जाते आणि घरी येणारा प्रत्येक जण हे काय आहे म्हणून विचारतो. लहान जागा किंवा कुंडी असेल तर या राक्षसांच्या नादी लागू नका. जपानची कियुसियानम जेमतेम १० ते १५ सेंटिमीटर, सावलीत हळूहळू पसरते, पसरट कुंडीत छान राहते, फक्त ती कुंडी कधी पूर्ण वाळू द्यायची नाही. मायनस नावाची एक जात आहे, तिची फुलं हिरवट आणि अगदीच साधी, परागीभवन वाऱ्यावर सोडलेलं त्यामुळे नटण्याची गरज नाही तिला, पण पानांसाठी लावतात. ती काही ठिकाणी जास्तच हातपाय पसरते, तेव्हा जागा ठरवूनच लावा.

आणि ज्यांच्याकडे थंडी अशी पडतच नाही, बारा महिने उकाडा आणि दमटपणा, त्यांनी माझं ऐका आणि पैसे वाचवा. हे मुळात थंड-समशीतोष्ण भागातलं झाड आहे, त्याला झोपायला थंडी लागते, नाहीतर ते दरवर्षी थोडं थोडं खंगत जातं. तोच हलका, आरपार दिसणारा इफेक्ट गौरा किंवा कॉसमॉसने मिळतो, हिरवी झिरझिरीत पानं हवी असतील तर बडीशेपेचं झाड वाफ्यात लावून बघा, आणि सावलीत हंसराज आहेच.

रोगराईचं फार काही नाही. कोवळे कोंब गोगलगाई फस्त करतात, त्या दिवसांत संध्याकाळी एक चक्कर मारा. जमीन कोरडी आणि हवा कोंडलेली असली की पानांवर भुरी येते, त्याचं औषधही पाणी आणि मोकळी हवा हेच. एक मात्र सांगून ठेवते, आपली सताप, जिला इंग्रजीत नुसतं ‘रू’ म्हणतात, ती वेगळी, तिचा आणि याचा काही संबंध नाही, सतापीला कोरडं कडक ऊन आवडतं, त्यामुळे इंटरनेटवर नुसतं ‘रू’ शोधून सापडलेला सल्ला यावर चालवू नका. हे मोरवेल आणि डेल्फिनियमच्या कुळातलं, अंगात अल्कलॉइड्स असतात, तेव्हा पानं-मुळं कुणी तोंडात घालायची नाहीत, लहान मुलं आणि पाळीव प्राणी असतील त्यांनी विशेष लक्ष ठेवावं.

राहिलं बियांचं पाकीट. ताई, ह्युइट्स डबलला बी धरतच नाही, ती व्हरायटी वांझ आहे. तिची रोपं गड्डा विभागून किंवा टिश्यू कल्चरने करतात. त्यामुळे त्या पाकिटात काय होतं देव जाणे, साध्या डेलाव्हेयीचं बी असू शकतं किंवा भलतंच काही. पैसे परत मागा आणि पाकिटाचा फोटो जोडा. पण पेरलेली कुंडी लगेच ओतू नका. थॅलिक्ट्रमचं बी ताजं पेरलं तर बरं उगवतं, पाकिटात वाळून जुनं झालं की त्याला गारवा लागतो, महिना-दीड महिना ओलसर वाळूत फ्रीजमध्ये, किंवा सरळ कुंडी थंडीभर उघड्यावर. त्यानंतरही काही आठवड्यांत येतील, काही पुढच्या वर्षी, सगळी एकदम नाहीतच. तेव्हा कुंडीवर तारीख लिहा, भिंतीच्या सावलीत ठेवा, ओलसर राहू द्या, आणि येती थंडी संपेपर्यंत थांबा. त्यानंतरही काही दिसलं नाही तर ती माती वाफ्यात मिसळून टाका. जे उगवेल ते डबल नसेलच, पण ते फुलेपर्यंत आणखी दोन वर्षं तरी जातील, तोवर आत्ता जिवंत असलेले गड्डे भिंतीपासून पुढे आणून लावा, या आठवड्यात कोंब दिसले तर याच आठवड्यात.